संघ बुडाला, मुलगा अजून खेळतोय

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली सतरा वर्षं मेलबर्नला आहोत. यजमान आयटीत, मी एका दवाखान्यात रिसेप्शनला. धाकटा मुलगा १९ वर्षांचा आहे. आमच्या ओळखीतली बाकीची मुलं क्रिकेट खेळत मोठी झाली, हा आठवीपासून रग्बीत रमला. मेलबर्न रेबेल्सच्या ज्युनियर अकादमीत त्याची निवड झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. २०२४ मध्ये रेबेल्स बंद पडले. तेव्हापासून तो इथल्या एका क्लबकडून खेळतो, आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता पर्थहून, वेस्टर्न फोर्सच्या अकादमीतून, एका वर्षासाठी बोलावणं आलंय. तो म्हणतो, शिक्षण सोडतो आणि जातो. यजमान म्हणतात, ‘एक संघ डोळ्यांदेखत बुडाला, दुसराही बुडेल. आपण इथे पोट भरायला आलो, चेंडूमागे पळायला नाही.’ तीन आठवडे बापलेकांचं बोलणं बंद आहे. एकाचा निरोप दुसऱ्याला मीच सांगते. पुढच्या शुक्रवारपर्यंत पर्थला कळवायचंय. खरं सांगा, या खेळाला ऑस्ट्रेलियात काही भवितव्य आहे का? मुलाला पाठवू की अडवू?
– एक आई, मेलबर्न

ताई,

आधी मी तुमच्या यजमानांची बाजू घेणार आहे. घरात त्यांचं बोलणं ‘बाबांचं नेहमीचंच’ म्हणून सोडून दिलं जात असेल, पण त्यांनी जे पाहिलंय ते खरं आहे.

त्यातलं थोडं मीही पाहिलंय. माझी भाची मेलबर्नला असते. २०२४ च्या एप्रिलात मी तिच्याकडे होते, तेव्हा तिचा मुलगा मला आमी पार्कवर रेबेल्सचा सामना दाखवायला घेऊन गेला. साबणाच्या फुग्यांसारखं छत असलेलं ते देखणं मैदान, जवळजवळ तीस हजार माणसं बसतील एवढं. आमच्या पुढच्या रांगेत एक सामोअन आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे रिकाम्या खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी. मैदानात मात्र कोणी काही कमी करत नव्हतं. स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवून रेटतात तो प्रकार, मोडला की त्या पोरांच्या डोक्यांवरून वाफ निघताना दिव्यांच्या उजेडात दिसायची. सामना संपल्यावर एक उंचापुरा खेळाडू सह्या द्यायला कठड्यापाशी आला. दहा-अकरा वर्षांच्या एका पोराने त्याला विचारलं, पुढच्या वर्षी कुठे खेळणार? त्याने सही पूर्ण केली, पेन परत दिलं आणि म्हणाला, अजून माहीत नाही रे.

तो संघ तेव्हा जानेवारीपासून प्रशासकांच्या ताब्यात होता. देणी २ कोटी डॉलरहून जास्त, त्यात एकट्या कर खात्याचे १ कोटीच्या वर. कार्यालयातल्या काही लोकांची नोकरी लगेच गेली. खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार रग्बी ऑस्ट्रेलियाने, म्हणजे देशातल्या या खेळाच्या मुख्य संघटनेने, त्या हंगामापुरते सांभाळले. मग ३० मे २०२४ ला जाहीर झालं की पुढच्या वर्षी रेबेल्स नसतील. आणि नेमका त्याच हंगामात तो संघ सुपर रग्बीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिक बेटांवरच्या पगारी संघांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत पहिल्यांदा पोचला होता. ८ जूनला वेलिंग्टनमध्ये हरिकेन्सकडून ४७-२० असा हरला आणि तिथेच संपला. तुमच्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नसेल, असं मला वाटतं.

आता ज्या पर्थला मुलगा निघालाय, त्या पर्थची गोष्ट तर त्याहून जुनी. फोर्सचा जन्म २००६ च्या हंगामातला. २०१६ मध्ये सुपर रग्बीचे संघ १८ झाले, पसारा कोणालाच झेपेना, म्हणून २०१७ मध्ये ते १५ वर आणायचं ठरलं. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला एक संघ कापणं आलं. फोर्स की रेबेल्स, हा घोळ एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालला. विचार करा, चार महिने दोन शहरांतल्या शे-सव्वाशे घरांत तुमच्या घरासारखंच वातावरण. जुलैत फोर्सने पर्थला आपल्या शेवटच्या सामन्यात सिडनीच्या वॉराटाजना ४०-११ असं हरवलं, लोक मैदान सोडून जाईनात. पुढच्याच महिन्यात फोर्सचं नाव कापलं गेलं. कोर्टकचेरी झाली, सिनेटची चौकशी झाली. उपयोग झाला नाही.

मग पर्थचे बरेचसे खेळाडू, आणि त्यांचे प्रशिक्षकसुद्धा, गेले कुठे? मेलबर्नला. रेबेल्सकडे. आणि सात वर्षांनी रेबेल्स बुडाल्यावर मेलबर्नची पोरं सिडनी, ब्रिस्बेन आणि पर्थला पांगली. तुमचा मुलगा त्याच रस्त्याने उलटा निघालाय. यजमानांना हा इतिहास ठाऊक असणार, म्हणून ते घाबरलेत. त्यांना घाबरट समजू नका, आणि मुलालाही समजू देऊ नका.

पण पर्थची गोष्ट तिथे संपत नाही, हेही त्यांनी ऐकायला हवं. लोहखनिजाचे उद्योगपती अँड्र्यू फॉरेस्ट यांनी फोर्सचा खर्च उचलला. सुपर रग्बीत जागा नाही तर नाही, २०१८ पासून त्यांनी वेगळे सामनेच भरवले, इतर देशांतले संघ बोलावून फोर्सला खेळतं ठेवलं. २०२० मध्ये करोनाने सीमा बंद झाल्या, ऑस्ट्रेलियाला देशातल्या देशात स्पर्धा घ्यायची वेळ आली आणि संघ कमी पडले. तेव्हा फोर्सला परत बोलावणं आलं. कापलेला संघ तीन वर्षांत पुन्हा रुजला. मी याला चमत्कार म्हणणार नाही. एका श्रीमंत माणसाने जिद्द धरली आणि एक साथ आली, या दोन्ही गोष्टी कोणाच्या हातातल्या नव्हत्या. माझा मुद्दा एवढाच की ज्या दारावर ‘कायमचं बंद’ अशी पाटी लागली होती, ते उघडलं. तसं उघडं दारही पुन्हा लागू शकतं.

असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

रग्बी युनियन हा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळायचे. १९९६ मध्ये पगारी स्पर्धा सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाचे तीनच संघ होते: न्यू साउथ वेल्सचे वॉराटाज, क्वीन्सलंडचे रेड्स आणि कॅनबेराचे ब्रम्बीज. या तिघांनीही पुढे विजेतेपदं मिळवली. ब्रम्बीजनी २००१ आणि २००४, रेड्सनी २०११, वॉराटाजनी २०१४. त्या दिवसांत खेळ वाढतोय असं सगळ्यांना वाटलं, आणि तीनाचे चार, चाराचे पाच झाले. पण खेळणारे वाढले म्हणून पाहणारे वाढत नाहीत. तुमच्या शहराचंच बघा. मेलबर्नचा देव फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा वेगळ्या नियमांचा फुटबॉल. आमी पार्कच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर एमसीजी आहे, तिथे फूटीच्या साध्या सामन्याला जेवढी माणसं जमतात तेवढी रेबेल्सना अख्ख्या महिन्यात जमत नसावीत. सिडनी-ब्रिस्बेनला रग्बी लीगचं राज्य. लीग म्हणजे तेरा जणांची, युनियन म्हणजे पंधरा जणांची. बाहेरच्याला सारखीच दिसणारी ही दोन भावंडं सव्वाशे वर्षांपूर्वी वेगळी झाली आणि धाकटं, म्हणजे लीग, इथे मोठ्याहून श्रीमंत झालं. शिवाय फ्रान्स आणि जपान जास्त पगार देऊन चांगले खेळाडू नेतात. २०२० नंतर दक्षिण आफ्रिकेचे मोठे संघ सुपर रग्बीतून युरोपकडे गेले, त्यांच्याबरोबर टीव्हीचा पैसाही गेला.

आणि मुख्य गोष्ट अशी की हे संघ स्वतःच्या तिकिटांवर जगत नाहीत. घरात कमावता एक आणि खाणारे चार, अशी ती रचना आहे. कमावता म्हणजे वॉलबीज, राष्ट्रीय संघ. त्यांचे सामने आणि टीव्हीचे हक्क यांतून पैसा येतो आणि तो खाली वाटला जातो. २०२३ च्या विश्वचषकात वॉलबीज फिजीकडून २२-१५ आणि वेल्सकडून ४०-६ असे हरले, इतिहासात पहिल्यांदा साखळीतच बाद झाले. कमावता आजारी पडला की आधी धाकट्याचं ताट काढून घेतात. ते ताट मेलबर्नचं निघालं. २०२४ सालचा रग्बी ऑस्ट्रेलियाचा तोटा ३ कोटी ६८ लाख डॉलरचा होता.

आता दुसरी बाजू. २०२५ मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचा एकत्र संघ, दौऱ्यावर आले. २६ जुलैला दुसरी कसोटी तुमच्याच गावात, एमसीजीवर झाली. वॉलबीज एका क्षणी २३-५ ने पुढे होते आणि अगदी शेवटच्या मिनिटाला २९-२६ असे हरले. मैदानात ९०,३०७ माणसं होती. ज्या शहरात एक संघ माणसांअभावी बुडाला असं म्हणतात, त्याच शहरात. तुमचा मुलगा तिथे असेल, नाहीतर रडत टीव्हीसमोर असेल, यात मला शंका नाही. त्या दौऱ्याने कर्जाचं ओझं बरंचसं उतरलं. २०२६ पासून पाच वर्षांचा टीव्हीचा नवा करार २४ कोटी डॉलरपर्यंतचा आहे. २०२७ चा पुरुषांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात, २०२९ चा महिलांचाही तिथेच.

म्हणजे सध्या सुगी आहे. पण सुगी दोन-तीन वर्षांची आणि मुलाची कारकीर्द दहा वर्षांची, हे विसरू नका. लायन्स बारा वर्षांनी एकदा ऑस्ट्रेलियात येतात. २००१, २०१३, २०२५. त्या हिशेबाने पुढचा फेरा २०३७ चा, तेव्हा तो तिशी ओलांडून बसलेला असेल. त्याची उमेदीची वर्षं विश्वचषकानंतरची आहेत, जेव्हा पाहुणे घरी गेलेले असतील आणि मांडव उतरवायचा असेल. पर्थला आणखी एक अडचण उभी राहतेय. २०२७ पासून रग्बी लीगचा नवा संघ, पर्थ बेअर्स, फोर्सच्याच मैदानावर खेळणार आहे. त्याच शहरातला तोच प्रेक्षक, तीच शाळकरी पोरं आणि तेच जाहिरातदार दोघांना वाटून घ्यावे लागतील.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: खेळाला भवितव्य आहे. तो ऑस्ट्रेलियात संपणार नाही. पण आज असलेल्या चार संघांपैकी दहा वर्षांनी कोणता संघ कोणाच्या मालकीचा, कोणत्या नावाने आणि कोणत्या गावात असेल, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. ज्याने दिली, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मग मुलाला अडवायचं? नाही. जाऊ द्या.

हे मी सहज लिहीत नाहीये. माझ्या घरची एक गोष्ट सांगते.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, लालबागच्या चाळीत वाढला. कबड्डीत डावा कोपरा. समोरचा चढाईला आला की हा जागचा हलायचा नाही, वाट बघायचा, आणि शेवटच्या क्षणी खाली वाकून घोटा धरायचा. सतराव्या वर्षी एका गिरणीने त्याला आपल्या संघात घेतलं आणि बदली कामगार म्हणून कामाला लावलं. तेव्हाची ती पद्धतच होती. गिरण्या, बँका, रेल्वे चांगले खेळाडू नोकरीत घ्यायच्या. आमच्या वडिलांनी त्याला दहावीतून काढलं. म्हणाले, गिरणीची नोकरी पर्मनंट, आता पुस्तकं काय चाटायचीत? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. त्याची गिरणी त्याच्यासाठी पुन्हा उघडली नाही. त्याच वर्षी एका बँकेच्या संघाने चाचणीत त्याला पहिल्या फेरीतच निवडलं. मग मुलाखतीला बोलावून दहावीचं प्रमाणपत्र मागितलं. ते नव्हतं. चोवीस वर्षांचा, मुंबईत नाव असलेला खेळाडू कागद नाही म्हणून जिना उतरून खाली आला. मी जिन्याखाली त्याची सायकल धरून उभी होते. पुढची बावीस वर्षं त्याने रात्रपाळीची वॉचमनकी केली आणि संध्याकाळी मैदानात पोरांना फुकट कबड्डी शिकवली. २०१४ मध्ये वरळीला दिव्यांच्या झगमगाटात प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा तो टीव्हीसमोर बसून मला सांगत होता, बघ, पोटरी नाही धरली, घोटा धरला.

आमच्या वडिलांनी गिरणीवर विश्वास ठेवला. गिरणी गेली, कबड्डी राहिली. अण्णाचं नुकसान खेळाने केलं नाही, दहावीतून काढल्याने झालं. म्हणून तुमच्या मुलाला माझं हात जोडून सांगणं आहे की जा, पण विद्यापीठ सोडून जाऊ नकोस.

ऑस्ट्रेलियात यासाठी वाट आहे. विद्यापीठाकडून एक वर्षाची रजा रीतसर मागता येते, आणि जागा तशीच राहते. बहुतेक विद्यापीठांत वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलांसाठी वेगळी सोय असते. परीक्षेच्या तारखा हलतात, विषय कमी घेता येतात. मला विचाराल तर पूर्ण रजेपेक्षा सत्राला एक विषय ऑनलाइन चालू ठेवलेला बरा, जमत असेल तर. वर्षभर पुस्तक न उघडलेला हात परत पुस्तकाकडे वळायला फार जड होतो, हे मी शाळेत तीस वर्षं पाहिलंय. इंजिनिअरिंगचे सगळे विषय असे दुरून होत नाहीत, प्रयोगशाळा आडवी येते. पण गणिताचा किंवा व्यवस्थापनाचा एखादा निघेल. हे त्याने स्वतः जाऊन विचारायचं. तुम्ही फोन करू नका.

करारावर सही करण्याआधी तो कोणाला तरी दाखवा. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळाडूंची संघटना आहे, १९९५ पासूनची. नावाची आद्याक्षरं जोडून तिला रूपा म्हणतात. संघाच्या मैदानाबाहेर खेळाडूचं शिक्षण आणि पुढचं काम बघणारी त्यांची माणसं प्रत्येक संघात असतात. अकादमीच्या मुलाला त्यांची किती मदत मिळेल ते विचारावं लागेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत. करार कोणाच्या नावे आहे, संघाच्या की राज्याच्या संघटनेच्या? संघाचा परवानाच गेला तर उरलेल्या महिन्यांचं काय? गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, आणि बरा होईपर्यंत राहायची जागा राहते का? अकादमीत मिळणारे पैसे पर्थच्या घरभाड्याला पुरतात का, की आठवड्यातून दोन दिवस दुसरं काम करावं लागेल? एवढे प्रश्न त्याने कागदावर लिहून तिकडच्या माणसाला विचारावेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला असे प्रश्न विचारायची लाज वाटते, आपण कमी भुकेले दिसू असं वाटतं. त्याला सांगा, चांगल्या ठिकाणी असे प्रश्न विचारणाऱ्याचं वजन वाढतं.

आणि डोक्याला लागलं तर काय, हे नक्की विचारा. संघ बुडण्याच्या भीतीत तुम्ही दोघांनी ही भीती पत्रात लिहिलीच नाहीत, म्हणून मला जास्त काळजी वाटली. डेन हेलेट-पेटी नावाचा उत्तम खेळाडू होता, वॉलबीजचा. फोर्स बंद झाल्यावर पर्थहून मेलबर्नला आला, रेबेल्सचा आधार झाला. २०२१ मध्ये डोक्याला बसलेल्या मारांमुळे त्याला खेळ सोडावा लागला. रेबेल्स त्याच्यानंतर तीन वर्षं चालले. खेळाडूची कारकीर्द संघापेक्षा आधी संपते, असं कितीदा तरी होतं. डोक्याला मार बसला आणि गरगरलं, तर ‘मी ठीक आहे’ म्हणायचं नाही, हे वचन त्याच्याकडून घ्या. बाकी कसलं वचन नाही घेतलंत तरी चालेल.

दुसरा एक तरुण बघा, म्हणजे मुलाला धीर येईल. रेबेल्सचा कार्टर गॉर्डन. संघ बुडत असताना तो लीगमध्ये गोल्ड कोस्टला गेला, तिथे दुखण्याने फारसा खेळूच शकला नाही, आणि २०२५ च्या अखेरीस परत युनियनमध्ये येऊन वॉलबीजकडून इटलीविरुद्ध उतरला. सरळ रस्ता कोणाचाच नाही.

यजमानांना मला काही सांगायचंय, त्यांना हे वाचून दाखवा. भाऊ, तुम्ही आयटीत आहात. साताऱ्याहून मेलबर्नला येईपर्यंत आणि आल्यावर तुम्ही एकाच कंपनीत राहिला नसाल. प्रोजेक्ट संपलं असेल, कंपनी विकली गेली असेल, कधी एक-दोन महिने घरी बसावं लागलं असेल आणि ते तुम्ही मुलांना कळू दिलं नसेल. कंपनी गेली म्हणून तुम्ही काम टाकलं नाहीत. जे हातात होतं ते घेऊन पुढच्या दाराशी गेलात. तुमचा मुलगा तेच करतोय. रेबेल्स गेल्यावर त्याने बूट माळ्यावर टाकले नाहीत, थंडीपावसात क्लबकडून खेळत राहिला, आणि त्या खेळावरच पर्थहून बोलावणं आलं. ही चिकाटी त्याने कोणाकडून घेतली असेल? तुम्ही ‘पोट भरायला आलो’ म्हणता ते अगदी खरं. पण तुमचं भरलंय म्हणूनच त्याला एक वर्ष हे करून बघता येतंय. अण्णाला ते करता आलं नव्हतं, आमच्या घरी पुढच्या महिन्याचं रेशन त्याच्या पगारावर होतं.

जाता जाता एक, कारण हे तुमच्यापैकी कोणी तरी मनात आणलं असेल. भारतातही आता रग्बीची लीग आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात तिचा पहिला हंगाम झाला, सात-सात खेळाडूंच्या रग्बीचा, सहा संघ घेऊन, त्यात मुंबईचाही. मला फार बरं वाटलं. पण ती काही दिवसांची स्पर्धा आहे, वर्षभराचं काम नाही. आणि भारताच्या राष्ट्रीय संघाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट लागतो. तुमच्या मुलाने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर भावनेच्या भरात या वाटेचा हिशेब धरू नका.

वर्ष संपल्यावर काय, तेही आजच ठरवून ठेवा. संघाने पुढचा करार दिला तर पुन्हा तिघांनी बसायचं. नाही दिला तर तो मेलबर्नला परत येईल, पुढच्या सत्राला वर्गात बसेल, आणि शनिवारी क्लबकडून खेळेल. त्यात हरण्यासारखं काही नाही, आणि हे वाक्य त्याला त्याच्या वडिलांच्या तोंडून ऐकू येणं गरजेचं आहे. तुमच्या तोंडून नको.

कारण ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच, की तुम्ही निरोप्या झाला आहात. तीन आठवडे एकाचा राग दुसऱ्याला मऊ करून सांगताय. त्यामुळे बापाला मुलाचा खरा हट्ट कळत नाही आणि मुलाला बापाची खरी भीती कळत नाही, दोघांनाही तुमची भाषांतरं ऐकू येतात. आजपासून ते बंद करा. ‘बाबांना सांग’ म्हणाला की म्हणा, बाबा हॉलमध्ये आहेत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला विचारायचंय की यजमानांनी त्याला खेळताना शेवटचं कधी पाहिलं? शाळेत असताना? शुक्रवारी उत्तर द्यायचंय म्हणजे त्याआधी गुरुवार आहे, आणि क्लबचा सराव बहुतेक गुरुवारी संध्याकाळी असतोच. त्या दिवशी तुम्ही काहीतरी काम काढा आणि गाडी घेऊन यजमानांना पाठवा. त्याला सोडून लगेच घरी वळू नका म्हणावं. जाड जाकीट घाला, चहाचा थर्मास न्या, आणि सराव संपेपर्यंत कुंपणापाशी उभे राहा. परत येताना गाडीत कोणी काही बोललं नाही तरी चालेल, अर्ध्या तासाचा रस्ता आहे.